आबा, तुम्हाला बोट कधीपासून लागली?

आबा, तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले आणि आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. दिवसकार्य उरकलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आईंनी तुमची काठी दाराआडून उचलून माळ्यावर टाकली. मी मात्र अजून तुम्हाला उत्तरं देत बसले आहे. सासऱ्याशी वाद घालणारी सून म्हणून सगळ्या खारेपाटात, खाडीकाठच्या या गावांत, माझं नाव आधीच झालेलं आहे. तेव्हा तुमच्या पाठीमागे वाद चालू ठेवला तर कोणाला नवल वाटायचं नाही.

तुम्ही मला पहिला प्रश्न विचारलात तो लग्नाच्या बैठकीत. चौलला आमच्या घरी, पडवीत सतरंजी टाकली होती, पोहे झाले होते. मुलगी काय करते, याचं उत्तर माझ्या काकांनी ठेवणीतलं दिलं, ‘कॅन्सरवर संशोधन.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्ही नाही डोलावलीत. “कॅन्सर कंचा?” तुम्ही मलाच विचारलंत. “न संशोदन म्हंजे सकालपासून सांजपातूर तू नक्की काय करतंस?”

मला असं कोणी आजवर विचारलंच नव्हतं. मी सांगत सुटले. पुरुषांच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, तिला प्रोस्टेट म्हणतात. तिथल्या कॅन्सरच्या पेशींना शोधून चिकटेल असं एक रसायन आम्ही बनवतो. त्या रसायनाला किरणोत्सारी धातू बांधतो, शिरेतून आत सोडतो आणि ते शरीरात कुठे कुठे जाऊन बसलं ते बाहेरून यंत्रानं बघतो. माझ्या आईनं मागून चिमटा काढला, कारण ‘मूत्राशय’ हा शब्द आमच्या घरात बघण्याच्या कार्यक्रमात याआधी कोणी उच्चारलेला नव्हता. मला बघायला आलेला तुमचा नितीन चहाच्या कपात काहीतरी पडल्यासारखा कपातच बघत राहिला. तुम्ही म्हणालात, “आमच्याकडं अक्रोड कुठं गो? तुमची सुपारीची वाडी हाय, सुपारीत सांग.”

मी विचार केला. म्हटलं, “सोललेल्या सुपारीपेक्षा मोठी, सालासकट असते त्यापेक्षा लहान.”

“हां. आता कलला.”

खरं सांगते आबा, नितीनच्या आधी मला तुम्ही पसंत पडलात.

लग्नानंतर आम्ही चेंबूरला बिऱ्हाड केलं. माझी प्रयोगशाळा तिथून जवळ, आणि न्हावा शेव्याच्या बंदरात नितीनच्या पाळ्या, त्याला कंपनीची बस. महिन्यातून एकदा तुम्ही रेवसहून लाँचनं यायचात, भाऊच्या धक्क्यावर उतरून टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालून घरी पोचायचात. पिशवीत तांदूळ, वाल आणि सुकट, डोक्यात प्रश्न. सुकटीचा वास दोन दिवस घरातून जायचा नाही, प्रश्न त्याहून जास्त टिकायचे. लाँचचे तांडेल हिरातात्या तुमचे शाळेतले दोस्त. ते तुम्हाला सुकाणूशेजारी बसवून आणायचे आणि त्यांनाही तुम्ही वाटभर माझ्या कामाचं सांगत यायचात. निम्मं चुकीचं सांगायचात, पण सांगायचात.

एकदा मी म्हटलं, आम्ही वापरतो तो गॅलियम नावाचा धातू फार घाईचा असतो, तासाभराहून थोड्या अधिक वेळात त्यातला निम्मा विझतो. तुम्ही जेवता जेवता थांबलात.

“म्हंजे रेवसला लाँचमदी ठेवला, तर धक्क्यावर उतरवेपर्यंत अर्दा?”

“जवळजवळ तसंच.”

“न तसाच परत नेला तर रेवसला?”

“पाव.”

“न परत आनला तर? संपतो कवा?”

“कागदावर तरी कधीच संपत नाही. निम्म्याचं निम्मं होत राहतं.”

तुम्ही इतके खूश झालात की दुसऱ्यांदा भात घेतलात. तेव्हापासून तुमचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, “किती खेपा झाल्या गो आज?” मी सांगायचे, आज दोन खेपांत काम उरकलं, आज चार खेपा झाल्या तरी यंत्र मोकळं मिळेना. प्रयोगशाळेतल्या मुली म्हणायच्या, तुझा सासरा लाँच कंपनीत आहे का? मी म्हणायचे, नाही, तो माझ्या कामावरचा साहेब आहे.

मी गोड्या पाण्याची. चौलला विहिरीवर रहाट चालवायचा आणि वाडीला पाणी सोडायचं, एवढंच पाणी मला माहीत. आपली भाताची खाचरं भरतीच्या पाण्याहून खाली आहेत, आणि समुद्र आणि भात यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध आहे, हे मला लग्नानंतर कळलं तेव्हा पहिल्या उधाणाला मी झोपले नव्हते. तुम्ही हसलात. मग एके दिवशी सकाळी मला बांधावर नेलंत. चिंबोरी, म्हणजे खेकडी, मातीत बीळ करते, बीळ आरपार गेलं की त्यातून खारं पाणी आत यायला लागतं, आणि उधाणाला त्याच जागी बांध फुटून खांड पडते. मग दोन-तीन वर्षं त्या शेतात भात होत नाही. म्हणून वेळेवर बीळ सापडलं पाहिजे. आतल्या अंगाला पाणी झिरपताना दिसतं, पण बाहेरचं तोंड भरतीखाली असतं, ते कसं शोधायचं?

तुम्ही टोपलीतून भाताचं तूस काढलंत. नुसतं तूस तरंगतं, ते काही कामाचं नाही. तुम्ही ते चिखलात घोळवलंत, असं की ना वर राहील ना एकदम तळाला जाईल, आणि बांधाच्या कडेकडेनं पाण्यात सोडत गेलात. एका जागी ते वळलं, गोल फिरलं आणि आत ओढलं गेलं. थोड्या वेळानं आतल्या अंगाला चिखलातून तेच तूस बाहेर आलं. मी तिथेच उकिडवी बसले आणि ओरडले, “आबा, मी हेच करते!” तुम्ही म्हणालात, “मग एवडी शिकलीस कशाला? हितंच यायचास ना.”

त्यानंतर आपल्या घरात माझ्या रसायनाला कोणी रसायन म्हटलं नाही. ‘सूनबायचा तूस’ हेच त्याचं नाव पडलं.

आणि तुम्ही मला ‘आबाचा कोपरा’ दाखवलात. तुम्ही पंचविशीचे असताना उघाडीजवळच्या, बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळच्या वळणावर तूस जमलेलं पाहून तिथेच बीळ आहे अशी पैज मारली होतीत. बांधाच्या डागडुजीला आपल्याकडे घरटी एक माणूस येतो, त्या जमावाला जोळ म्हणतात. त्या अख्ख्या जोळाला तुम्ही पूर्ण ओहोटीभर तिथे खणायला लावलंत. काही निघालं नाही. त्या वळणावर प्रवाहानं तूस नेहमीच जमतं, हे तुम्ही ध्यानात घेतलं नव्हतं. पुढच्या उधाणाला खांड पडली ती दुसरीकडे, तुमच्याच चुलत्याच्या शेतावर. पन्नास वर्षं झाली, तरी गावात कोणी चुकीच्या जागी हात घातला की म्हणतात, गेला आबाच्या कोपऱ्यात. “तूस जमला म्हंजे भोक हाय असा न्हाय,” तुम्ही मला सांगितलंत. “नेहमीचा जमनारा कुठला न ओढला जानारा कुठला, ते आदी शिकायचा.”

माझ्या नव्या रसायनाचा, म्हणजे प्रोबचा, उंदरावरचा पहिला फोटो आला तेव्हा मी आनंदानं वेडी झाले होते. आमची अडचण अशी की, ही रसायनं मूत्रपिंडातून लघवीत उतरतात आणि मूत्राशय दिव्यासारखं चमकतं. प्रोस्टेट त्याला खेटूनच, त्यामुळे त्या झगमगाटात बारीक गाठ असली तरी दिसत नाही. आम्हाला असं रसायन हवं होतं की जे लघवीत कमी आणि उशिरा उतरेल. त्या फोटोत मूत्राशय मंद होतं आणि मांडीजवळ एक छान ठिपका, जिथे आम्ही कॅन्सरच्या पेशी टोचल्या होत्या जवळपास तिथेच. शनिवारी गावी आले ते फोटो नाचवतच. तुम्ही चष्मा पुसून बराच वेळ बघितलंत. म्हणालात, “उंदीर मुतला व्हता का?”

“आबा!”

“न्हाय, इचारतो. त्याच्याच अंगावर मुतला असंल तर तिथं पन चमकंल ना? धुऊन बगितलास?”

नव्हतं बघितलं. सोमवारी दुसऱ्या उंदरावर तेच केलं, ठिपका दिसला, मग ओल्या कापसानं त्याची मांडी पुसून परत फोटो काढला. ठिपका गेला, कापूस चमकायला लागला. आमच्या गटाच्या प्रमुख बाईंनी विचारलं, “तुला हे सुचलं कसं?” मी म्हटलं, “आमच्याकडे एक कोपरा आहे.” त्यानंतर आम्ही प्रत्येक उंदीर पुसून बघतो. प्रयोगशाळेच्या वहीत ती पायरी लिहिलेली आहे, तुमचं नाव तेवढं नाही, आणि याची मला तेव्हाही खंत वाटली होती.

आता मी त्या गोष्टीकडे येते, जिच्याभोवती हे सगळं मी पानभर फिरते आहे.

तुम्ही लाँचनं यायचं बंद केलंत. एका दिवाळीनंतर तुम्ही एस्टीनं आलात, पेणवरून, दुप्पट वेळ घालवून. मी विचारलं, तर म्हणालात, “आता बोट लागते गो. मलमलता.” मी पोट धरून हसले. रेवसचा माणूस, जन्म खाडीत गेला, आणि याला बोट लागते! नितीनही हसला. हिरातात्यांनी मला फोन करून विचारलं, “आबा माज्यावर रागावलाय का?” मी त्यांनाही हसत हसत तेच सांगितलं. एस्टीत काय बरं वाटतं, असं तुम्हाला विचारलं तर म्हणालात, “वडखलला थांबते, पेनला थांबते. पाय मोकले होतात.” लाँच मध्ये कुठेच थांबत नाही, आणि तिच्यावर माणसाची सोय करायला जागा नसते. हे मला माहीत होतं. मी स्वतः त्या लाँचनं दहा वेळा गेले आहे, आणि निघण्याआधी पाणी न पिण्याची काळजी घेतली आहे.

तुमचे प्रश्नही तेव्हापासून जरा बदलले. “तुज्या उंदराला तरास होतो ते तुमाला कसा कलता? तो काय सांगतो?” मी म्हटलं, आम्ही मोजतो, वजन, पाणी, लघवी. “न मानूस?” माणूस सांगतो की, मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, “सांगतो?” आणि वाल सोलत राहिलात. दुसऱ्यांदा विचारलंत, “सारका जावा लागता, पन थांबून थांबून होता, असा असंल, तर ती सुपारी मोटी झाली म्हनायची का?” आणि मी, आबा, मी तुम्हाला अर्धा तास उंदीर समजावून सांगितला. उंदरात आम्ही गाठ मांडीच्या कातडीखाली वाढवतो, प्रोस्टेटमध्ये नाही, त्यामुळे उंदराला लघवीचा त्रास होत नाही, त्यामुळे तो प्रश्न आमच्या प्रयोगात येतच नाही. कागदावर चित्र काढून दाखवलं. तुम्ही शांतपणे सगळं ऐकलंत आणि म्हणालात, “उंदराचा बरा हाय.”

मग पाठ दुखायला लागली. बांधावरच्या कामानं दुखते, असं तुम्ही म्हणालात आणि वर्षभर तेल चोळून घेतलंत. शेवटी अंगणात पडलात, तेव्हा नितीननं तुम्हाला उचलून मुंबईच्या इस्पितळात आणलं. डॉक्टर तरुण होते. कागदावरून नजर न काढता त्यांनी विचारलं, “लघवीचा त्रास कधीपासून?” मी बाहेर जायला उठले, सुनेसमोर बोलायला तुम्हाला जड जाईल म्हणून. तुम्ही म्हणालात, “बस तू.” आणि डॉक्टरांना सांगितलंत, “चार वर्सा.”

मी तिथल्या तिथे मागे मोजत गेले. चार वर्षं म्हणजे ती दिवाळी, ती एस्टी.

बाहेर बाकावर मी तुमच्यावर चिडले. दहा माणसं बघत होती. माझं काम काय ते तुम्हाला माहीत, दर महिन्याला त्यावर तुम्ही माझी उलटतपासणी घेता, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत? तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, “सांगितला की. तू उंदरांचा सांगत व्हतीस, मी माजा सांगत व्हतो.”



तुमची तपासणी झाली ती माझ्या प्रोबनं नाही. माझा अजून उंदरातच आहे, माणसापर्यंत पोचायला त्याला किती वर्षं लागतील कोण जाणे. सध्या इस्पितळांत जो वापरतात त्यानं झाली, पण जात तीच, धातू तोच. सुई दिल्यावर तुम्हाला तासभर वेगळं बसवलं, मग म्हणाले, आधी लघवी करून या. तुम्ही खोलीच्या दारातूनच मला ओरडून सांगितलंत, “मूत्राशयाचा झगमगाट!” नर्स दचकली. बाहेर आल्यावर मी जवळ बसायला लागले, तर म्हणालात, “लांब बस. आता मीच गॅलियम हाय. रेवसला जाईस्तोवर अर्दा होतो.” मला रडावं की हसावं ते कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

फोटो बघायचा तुम्ही हट्ट धरलात. डॉक्टर नको म्हणत होते. मी पडद्यासमोर तुमच्या शेजारी बसले. जे चित्र मी हजारदा पाहिलं होतं, ते पहिल्यांदा ओळखीच्या माणसाचं होतं. तुम्ही बोट ठेवत गेलात. कानाजवळ चमकतंय ते काय? लाळेच्या ग्रंथी, नेहमीचं. हे दोन? मूत्रपिंडं, नेहमीचं. हे खाली? मूत्राशय, नेहमीचं. मग तुमचं बोट पाठीच्या कण्यावर आलं. एक ठिपका, त्याखाली दुसरा, मग कमरेचं हाड. या वेळी ‘नेहमीचं’ म्हणता येईना. तुम्ही म्हणालात, “म्हंजे ह्यो आबाचा कोपरा न्हाय.”

पुढे दीड वर्ष मिळालं. इंजेक्शनांनी दुखणं कमी झालं, तुम्ही पुन्हा बांधापर्यंत चालत जायला लागलात. लोक म्हणतात, चार वर्षं आधी कळलं असतं तर वाचले असते. मला ठाऊक नाही. मी रोज याच विषयात बुडालेली बाई, आणि मलाच ठाऊक नाही. कदाचित तेव्हा ते साधंच असेल, वयानं ग्रंथी वाढते तसं, आणि रोग नंतर आला असेल. कदाचित तेव्हाच एवढासा असेल आणि काढता आला असता. हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे, आणि कोणत्याही यंत्रावर ते आता बघता येणार नाही. मला याचं जितकं दुःख होतं तितकंच कुतूहल वाटतं, आणि त्या कुतूहलाची मला लाज वाटायची. तुम्हाला नसती वाटली. तुम्ही तर शेवटच्या महिन्यातही विचारत होतात की ठिपके हाडातच का बसतात, मांसात का नाही. मी त्यावर चार लेख वाचून आले होते. तुम्हाला झोप लागली होती.

भांडण आपलं झालं ते याच दीड वर्षात. तुम्ही म्हणालात, “तुजा तूस झकास हाय. पन तूस टाकायला आदी मानूस बांदावर यायला लागतो. तू यंदा जोलाला ये न सगल्यांना सांग.” मी म्हटलं, आबा, मी रसायनं बनवते, भाषणं देत नाही. “मग कोन देनार? डॉक्टर तर कागदातून तोंड काडत न्हाय.” मी म्हटलं, सारखी लघवी होणाऱ्या प्रत्येकाला कॅन्सर नसतो, बहुतेकांना नसतोच. अर्धं गाव उगाच घाबरेल. तूस जमलं म्हणजे भोक नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? तुम्ही म्हणालात, “मग धुऊन बगा. पन बगा तरी.”

मी शेवटचं कारण काढलं. तुमच्या वयाच्या बाप्यांसमोर गावच्या सुनेनं उभं राहून लघवीचं बोलायचं?

“लग्नाच्या बैठकीत बोललीस ती?”

“तेव्हा मी सून नव्हते.”

मी वाद जिंकला होता. तुमच्याशी जिंकलेला तो एकमेव वाद, आणि आज तो हरायला मी काय वाटेल ते देईन. पुढच्या वर्षी बघू, असं मी म्हटलं होतं. एकदा तुम्ही पडल्या पडल्या विचारलंत, “माज्या किती खेपा रायल्या गो?” तेव्हा मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेले. परत आले तेव्हा तुम्ही विषय बदललात, माझी सोय व्हावी म्हणून. मी तुम्हाला सांगायला हवं होतं, की मला माहीत नाही आणि मला भीती वाटते. दोन्ही खरं होतं.

तर काल रविवारी जोळ होता. सूर्य वर आल्यावर ओहोटी, दिवसभराचं काम. घरटी एक माणूस. आपल्या घरचा माणूस म्हणजे इतकी वर्षं तुम्ही. नितीनची पाळी होती. आई म्हणाल्या, यंदा राहू दे, दुःखाचं घर म्हणून कोणी काही म्हणणार नाही. मी नितीनची जुनी पँट चढवली, माळ्यावरून घमेलं काढलं आणि गेले. मी माती वाहिली. हिरातात्या वाकून कुदळ मारत होते, सुकाणू सोडून त्यांना आता दोन वर्षं झाली. दर थोड्या वेळानं ते कुदळ ठेवून खारफुटीच्या आड जाऊन येत होते. मी बघितलं. आणि बघितलं हे मला कळलंही.

दुपारी भाकरीची फडकी सोडून सगळे बांधाच्या सावलीला बसले. पंधरा-वीस बाप्ये, बहुतेक साठीच्या पुढचे, तुमच्या आठवणी काढत होते. आबाचा कोपरा निघालाच. सगळे हसले, मीही हसले. मग मी उभी राहिले. डोक्यावर पदर नव्हता, पँटला चिखल होता. मी ग्रंथी म्हटलं नाही, कॅन्सर म्हटलं नाही, भाषण तर मला येतच नाही. मी तुमची सगळी गोष्ट सांगितली, लाँचपासून पडद्यावरच्या ठिपक्यांपर्यंत. आणि मग विचारलं, “आबांना बोट लागायची. तुमच्यात आणखी कोणाला लागते?”

कोणी वर बघेना. एकानं भाकरीचं फडकं झटकलं, एकानं उगाच भरती कधी आहे ते विचारलं. मला वाटलं, झालं, पडले मी कोपऱ्यात. आबा, एक अख्खी खेप झाल्यासारखी वाटली.

मग हिरातात्या म्हणाले, “मना बी लागते गो बोट.”

सगळे खो-खो हसले. चाळीस वर्षं लाँचचा तांडेल, आणि याला बोट लागते! माझ्याही ओठांवर ते हसू आलं होतं, त्या दिवाळीनंतरचं, तसंच. पण तात्या हसत नव्हते. ते चिखलाकडे बघत होते. हळूहळू बाकीचेही हसायचे थांबले.

मी त्यांच्याजवळ जाऊन मातीत बसले. विचारलं, “कधीपासून, तात्या?”

ते सांगायला लागले. अडखळत, मध्येच भलतीकडे जात, लाँचच्या इंजिनाचं, सुनेचं, दुखऱ्या गुडघ्याचं सांगत, परत तिथेच येत. त्यांना फार वेळ लागला. आणि आबा, या वेळी मी उंदरांचं काही बोलले नाही. नुसती ऐकत बसले.